लाकडावरचा बॉयलर : ज्वलन कार्यक्षमता नेमकी कशी मोजायची?

कांजीघर
इचलकरंजीत सायझिंग युनिट (सुताला कांजी लावायचा कारखाना) आहे. ताशी दीड टन वाफेचा थ्री-पास (धूर तीन फेऱ्यांत फिरवणारा) बॉयलर, हाताने लाकूड टाकायचं, दाब ७ किलो. जळण बाभूळ, सुबाभूळ आणि निलगिरी मिश्र. सर्व्हिसवाल्याने चिमणीत अ‍ॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं मीटर) लावून स्लिप दिली. त्यातले आकडे : ऑक्सिजन ११.०%, कार्बन डायऑक्साइड ७.३%, कार्बन मोनॉक्साइड ४,००० पीपीएम (दहा लाख भागांत ४,०००), धुराचं तापमान २६०°, हवेचं ३०°, कार्यक्षमता ८२.७%.
आठ तासांच्या पाळीत २,४०० किलो लाकूड जातं. फीड वॉटर (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या) मीटरवर ८,३०० लिटर पाणी दिसतं. या हिशेबात ८२ टक्के कुठेच बसत नाहीत. स्लिप चुकीची की माझा हिशेब? आणि योग्य मोजमाप करायचं तर कसं?

निखारा
स्लिपमधला ७.३ हा आकडाच सगळं सांगतो. ही असली मीटरं कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजत नाहीत. ऑक्सिजन मोजतात आणि निवडलेल्या इंधनावरून उरलेलं गणित करतात. लाकडाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त २०.३% असू शकतो, डिझेलच्या धुरात साधारण १५.४%. आता ऑक्सिजन ११% धरा : लाकडासाठी २०.३ × (२१ − ११) ÷ २१ = ९.७. डिझेलसाठी तेच गणित ७.३. म्हणजे मीटर डिझेलवर ठेवून लाकडाचा धूर मोजला आहे.

कार्यक्षमताही त्याच सूत्रातून आली. डिझेलचे स्थिरांक घालून बघा (२३० म्हणजे धूर आणि हवेच्या तापमानातला फरक, १० म्हणजे २१ − ११) : २३० × (०.६८ ÷ १० + ०.००७) = १७.२५. शंभरातून वजा केले की ८२.७. तुमच्या स्लिपवरचाच आकडा.

इंधन बदललं तरी या सूत्रात लाकडातल्या ओलाव्याची बाष्पउष्णता नाही, कार्बन मोनॉक्साइडमधून गेलेली उष्णता नाही, बॉयलरच्या अंगातून जाणारी उष्णता नाही आणि राखेतला कोळसाही नाही. गॅस किंवा तेलाला हे चालून जातं. लाकडाला मुळीच चालत नाही.

धुराडे_४२
निखारा यांच्याशी सहमत. कांजीघर, आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच आकड्याबद्दल बोलत राहील.

लाकडातली रासायनिक उष्णता किती मोकळी झाली, ही ज्वलनाची कार्यक्षमता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि राखेतला कोळसा यांवरून ती कळते. बऱ्या भट्टीत ती ९५ च्या वरच असते. मोकळी झालेली उष्णता पाण्यात किती उतरली, हा नळ्यांचा आणि जादा हवेचा प्रश्न. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण कार्यक्षमता, आणि लाकडाचं बिल तिच्यावर ठरतं. विक्रेते पहिलीचा आकडा तिसरीच्या नावाखाली सांगतात.

शिवाय आकडा ग्रॉस उष्मांकावर (धुरातल्या वाफेची बाष्पउष्णता धरून) आहे की नेट (ती वगळून), हे विचारल्याशिवाय तो वहीत लिहू नका. २५% ओलाव्याच्या लाकडात याने आठ टक्क्यांचा फरक पडतो.

कांजीघर
दोघांचेही आभार. ओलावा मी पिनवाल्या मीटरने बघतो, १८–२० दाखवतो. तो धरायचा का?

वखार_नं_७
नाही. पिनवाला मीटर दोन खुंट्यांमधला विद्युतरोध मोजतो. ओंडक्याच्या बाहेरच्या अंगावर किंवा करवतीच्या तोंडावर टोचला की वाळलेला थरच मोजला जातो. ओंडका मधून फोडा, ताज्या फोडलेल्या अंगावर रेषांच्या दिशेने पिना दाबा, तेव्हा आतलं कळतं. आणि साधारण ३०% च्या पुढे तो विश्वासाचा राहत नाही, कारण लाकडाचे तंतू तिथे पाण्याने भरलेले असतात.

शिवाय हा मीटर कोरड्या वजनावरचा ओलावा दाखवतो, बॉयलरचं गणित ओल्या वजनावर चालतं. मीटरचे २५ म्हणजे ओल्या वजनावर २० (०.२५ ÷ १.२५).

चाचणीसाठी ओव्हनच हवा. दिवसभराच्या ढिगातून वेगवेगळ्या जागचे आठ-दहा ओंडके घ्या. प्रत्येकाच्या टोकापासून निदान फूटभर आत, दोन-तीन सेंटीमीटर जाडीची चकती कापा. भुसा घेऊ नका, करवतीच्या उष्णतेने तो कापतानाच सुकतो. चकत्या लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, वजन करा, १०३ ते १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. जाड चकतीला २४ तास सहज लागतात. ८०० ग्रॅमचे ५९० झाले तर गेलेलं पाणी २१०. ओल्या वजनावर २१० ÷ ८०० = २६%. कोरड्या वजनावर तेच २१० ÷ ५९० = ३६%. वहीत कोणता आकडा ते लिहून ठेवा.

निखारा
वखार यांनी पाया घातलाच आहे, आता पूर्ण हिशेब मांडतो. ही नुकसानी मोजण्याची अप्रत्यक्ष पद्धत. ऊर्जा-लेखापरीक्षणात हीच वापरतात.

कोरड्या लाकडात ढोबळमानाने कार्बन ५०%, हायड्रोजन ६%, ऑक्सिजन ४३%, राख १%. कोरडा ग्रॉस उष्मांक ४,६०० किलोकॅलरी धरतो. जातीनुसार थोडा हलतो, पण ओलाव्याइतका नाही. ओलावा २५% असेल तर एक किलो जळणात कार्बन ०.३७५, हायड्रोजन ०.०४५ आणि ग्रॉस उष्मांक ३,४५० राहतो. हे जाळायला सैद्धांतिक हवा लागते ४.५ किलो.

जादा हवा = ऑक्सिजन ÷ (२१ − ऑक्सिजन). तुमच्या ११% ला ११०%. म्हणजे प्रत्यक्ष हवा ९.५ किलो, आणि पाण्याची वाफ वगळून कोरडा धूर ९.८ किलो. खालच्या ओळींत ०.२४ आणि ०.४५ या धुराच्या आणि वाफेच्या विशिष्ट उष्णता, ५८४ ही पाण्याची बाष्पउष्णता, आणि ५,७४४ म्हणजे किलोभर कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला की वाया जाणारी उष्णता.

कोरड्या धुरातून : ९.८ × ०.२४ × २३० ÷ ३,४५० = १५.७%
हायड्रोजन जळून झालेल्या पाण्यातून : ९ × ०.०४५ × (५८४ + ०.४५ × २३०) ÷ ३,४५० = ८.१%
लाकडातल्या ओलाव्यातून : ०.२५ × ६८७.५ ÷ ३,४५० = ५.०%
हवेतल्या बाष्पातून : ०.५%
कार्बन मोनॉक्साइडमधून : ०.४ ÷ (०.४ + ९.७) × ०.३७५ × ५,७४४ ÷ ३,४५० = २.५%
अंगातून ३% आणि राखेतून १% सध्या धरून चाला.

बेरीज ३५.८. एकूण कार्यक्षमता ग्रॉसवर ६४.२%, नेटवर सुमारे ७२%. म्हणजे तुमच्याच स्लिपचे आकडे लाकडाचं गणित लावून वाचले की ८२.७ ऐवजी ६४ येतात.

धुराडे_४२
आता कांजीघर यांचा प्रत्यक्ष हिशेब. ८,३०० ÷ २,४०० = ३.४६ किलो वाफ प्रति किलो लाकूड. ७ किलो दाबाच्या वाफेत ६६१ किलोकॅलरी, फीड वॉटर ६० अंश असेल तर भर पडते ६०१ ची. ३.४६ × ६०१ ÷ ३,४५० = ६०.२%.

६४ आणि ६० मध्ये चार टक्क्यांचं अंतर आहे. ब्लोडाउनचं (क्षार काढायला बॉयलरमधून सोडलेलं) पाणी मीटरमधून गेलं असेल तर प्रत्यक्ष पद्धत उलट जास्त दाखवेल, आणि वाफेबरोबर पाणी ओढलं जात असेल तरीही. म्हणून चाचणीच्या पाळीत ब्लोडाउन बंद ठेवा किंवा मोजा. सुरुवातीला आणि शेवटी बॉयलरच्या काचनळीतली पाण्याची पातळी, दाब आणि जाळीवरच्या विस्तवाची जाडी सारखी हवी. लाकूड डोळ्याने नाही, काट्यावर.

अंतर राहण्याचं खरं कारण मला वाटतं स्लिपची वेळ. एका मिनिटाच्या रीडिंगवर लाकडाची भट्टी जोखताच येत नाही.

निखारा
हाच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तेलाच्या बर्नरमध्ये दहा वाजताची ज्योत आणि सव्वादहाची ज्योत सारखीच असते. हाताने टाकलेल्या लाकडात एका भरणीच्या आत तीन वेगळ्या आगी असतात. दार उघडलं की थंड हवा घुसते, ऑक्सिजन १७–१८ वर जातो, तापमान पडतं. मग लाकडातले उडते घटक एकदम पेटतात. लाकडाच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायू होऊन जळतो. ऑक्सिजन ४–६ वर घसरतो, कार्बन मोनॉक्साइड कित्येक हजार पीपीएम. शेवटी नुसते निखारे उरतात तेव्हा ऑक्सिजन पुन्हा १३–१५. सर्व्हिसवाला मधल्या शांत पाच मिनिटांत स्लिप काढतो, कारण तेव्हा आकडे चांगले दिसतात.

म्हणून निदान तीन सलग भरण्यांचं, दर मिनिटाचं रीडिंग साठवा. दार उघडण्याची वेळ बाजूला लिहा.

सरासरी काढतानाही जपा. प्रत्येक मिनिटाची कार्यक्षमता काढून तिची सरासरी घेतली तर निखाऱ्यांच्या मिनिटाला आणि भडकलेल्या मिनिटाला सारखंच वजन मिळतं. पण भडकलेल्या मिनिटात कितीतरी जास्त लाकूड जळतं. आयडी फॅन (धूर ओढून चिमणीत ढकलणारा पंखा) एकाच वेगावर असेल तर धुराचा प्रवाह जवळपास स्थिर असतो. अशा वेळी ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान यांची आधी सरासरी घ्या आणि सूत्र एकदाच लावा. वजन आपोआप बरोबर पडतं.

ओंटारियोकर
इकडे घर तापवणाऱ्या लाकडाच्या शेगड्यांना फॅन नसतो, धूर नुसत्या चिमणीच्या ओढीवर जातो. प्रवाह सतत बदलतो, त्यामुळे वरची युक्ती लागू पडत नाही. कॅनडाच्या सीएसए बी४१५.१ पद्धतीत अख्खी शेगडी काट्यावर ठेवतात आणि लाकडाचं घटणारं वजन, धुरातले वायू आणि तापमान एकाच वेळी नोंदतात. दर टप्प्यात किती किलो जळलं ते काटाच सांगतो.

आकडे तुलना करताना एक लक्षात घ्या. उत्तर अमेरिकेत कार्यक्षमता ग्रॉसवर सांगतात, युरोपात नेटवर. युरोपातली ८०% आणि इकडची ७२–७३% ही शेगडी एकच असू शकते. युरोपात कार्बन मोनॉक्साइड १३% ऑक्सिजनवर आणून सांगतात : मोजलेला आकडा × (२१ − १३) ÷ (२१ − मोजलेला ऑक्सिजन). घरात २०२२ पासून विकायच्या बंद दाराच्या शेगडीला तिकडे मर्यादा १,५०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण १,२०० पीपीएम. कांजीघर यांचे ४,००० पीपीएम १३% वर आणले तर ३,२०० होतात. बॉयलरला ती मर्यादा लागू नाही, पण अंदाज यावा म्हणून.

उन्हाळी_बंब
अवांतर वाटेल, पण विषय जवळचा आहे. घरच्या तांब्याच्या बंबाची कार्यक्षमता अशीच अ‍ॅनालायझरने काढता येईल का?

वखार_नं_७
बंबाला अ‍ॅनालायझर नको. मधली नळी आखूड आणि वर उघडी, हवा कुठूनही शिरते, रीडिंगला अर्थ राहत नाही. काटा, थर्मामीटर आणि मोजलेलं पाणी पुरे.

उदाहरणाचे आकडे घेऊ. ३० लिटर पाणी २४ वरून ६४ अंशांवर नेलं : ३० × ४० = १,२०० किलोकॅलरी. लाकूड ९०० ग्रॅम, ०.९ × ३,४५० = ३,१०५. म्हणजे ३९%. पण पाणी तापल्यावर खाली निखारे उरतात. ते पत्र्याच्या डब्यात झाकून विझवा, पाणी मारू नका, आणि वजन करा. ६० ग्रॅम कोळसा निघाला तर ०.०६ × ७,००० = ४२० किलोकॅलरी जळल्याच नाहीत. १,२०० ÷ (३,१०५ − ४२०) = ४५%. दोन्ही आकडे लिहा, कारण रोजच्या वापरात तो कोळसा वायाच जातो.

थर्मामीटर लावण्याआधी पाणी ढवळा. बंबात वरचं आणि खालचं पाणी दहा-बारा अंशांनी सहज वेगळं असतं. चुलींसाठी आयएस १३१५२ मध्ये याच धर्तीची पाणी तापवण्याची चाचणी आहे. तिथे साध्या ओढीच्या चुलीला किमान २५% आणि पंख्याच्या चुलीला ३५% लागतात.

कांजीघर
चकत्यांचा ओलावा २५% आला. तीन भरण्यांची दर मिनिटाची रीडिंग घेतली, या वेळी इंधन ‘लाकूड’ निवडून. चिमणीतली सरासरी : ऑक्सिजन १२.६%, कार्बन मोनॉक्साइड ६,२०० पीपीएम, धूर २४८°, हवा ३१°. निखारा यांच्या सूत्राने : कोरडा धूर १७.६, हायड्रोजन ८.०, ओलावा ४.९, बाष्प ०.६, कार्बन मोनॉक्साइड ४.४, अंग आणि राख मिळून ४. बेरीज ३९.५, कार्यक्षमता ६०.५%. प्रत्यक्ष हिशेबाने ६०.२ होती.

धुराडे_४२
दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे अर्ध्या टक्क्यात जुळले, म्हणजे मोजमाप विश्वासाचं आहे. आता ऑक्सिजन १२.६ बघून लगेच डॅम्पर (हवेची झडप) आवळू नका. प्रोब कुठे होता?

कांजीघर
आयडी फॅनच्या पुढे, चिमणीच्या बुडाशी. तिथेच भोक होतं.

धुराडे_४२
मग त्या १२.६ मध्ये भट्टीची हवा किती आणि वाटेत शिरलेली किती ते कळत नाही. बॉयलर ते फॅन या सगळ्या टप्प्यात आत निर्वात असतो, जिथे फट तिथे हवा आत. बॉयलरच्या मागच्या स्मोक-बॉक्समधून धूर बाहेर पडतो, तिथे डक्टवर अर्ध्या इंचाचा सॉकेट वेल्ड करा, प्लग लावा. वळणापासून डक्टच्या निदान दोन व्यास पुढे. प्रोबचं टोक डक्टच्या मधल्या भागात हवं, भिंतीला टेकलं तर तापमान कमी दिसेल. भोकाभोवती चिंधी नको, काचतंतूची दोरी दाबून बसवा.

मग दोन्ही जागी एकाच भरणीत रीडिंग घ्या.

कांजीघर
घेतलं. स्मोक-बॉक्सजवळ ऑक्सिजन १०.१, तापमान ३००°. चिमणीत त्याच वेळी १२.६ आणि २४८°.

निखारा
हा फरक खूप बोलका आहे. बाहेरची हवा मिसळली की ऑक्सिजन वाढतो आणि तापमान उतरतं, पण वाहून जाणारी एकूण उष्णता तीच राहते. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा चिमणीतल्या रीडिंगवरूनही बरोबर आला. निदान मात्र चुकलं असतं. चिमणीचं रीडिंग सांगत होतं ‘हवा फार, तापमान ठीक’. खरी गोष्ट अशी की हवा थोडीच जास्त आहे आणि तापमान भयंकर आहे.

७ किलो दाबाला पाणी १७० अंशांवर उकळतं. स्वच्छ थ्री-पासमधून धूर त्याच्या ४० ते ८० अंश वर बाहेर पडायला हवा. तुमचा १३० वर आहे. नळ्यांत आतून काजळी किंवा बाहेरून क्षार, बहुधा दोन्ही. आधी नळ्यांत ब्रश मारा. त्यानंतरही तापमान २५० च्या खाली आलं नाही तर क्षार समजा आणि सॉफ्टनरच्या पाण्याची हार्डनेस तपासा.

वखार_नं_७
फट शोधायला उदबत्ती पुरते. बॉयलर चालू असताना दाराच्या दोरीपाशी, डक्टच्या फ्लँजपाशी फिरवा, धूर आत ओढला गेला की खूण करा. सगळ्यात जास्त हवा बहुधा सायक्लोनच्या (धुरातली राख वेगळी करणाऱ्या नळकांड्याच्या) बुडाच्या राखेच्या झडपेतून शिरते. राख काढल्यावर झडप अर्धवट उघडी राहते, किंवा तिच्या तोंडात खडा अडकतो. दीड इंचाच्या त्या फटीतून फॅन दिवसभर थंड हवा ओढतो आणि विजेचं बिलही वाढवतो.

धुराडे_४२
आणि कार्बन मोनॉक्साइडचे ४.४% विसरू नका, ते नळ्या घासून जाणार नाहीत. ताशी ३०० किलो लाकूड वीस मिनिटांतून एकदा १०० किलो टाकलं की वायू एकदम सुटतो आणि हवा पुरत नाही. तेच सात मिनिटांनी ३५ किलो टाका, ओंडके चार-पाच इंचांपर्यंत फोडलेले. दार उघडण्याआधी फॅनचा डॅम्पर थोडा आवळा, लाकूड हाताशी तयार ठेवा, दार अर्ध्या मिनिटात बंद. जाळीच्या खालची हवा एक खाच कमी करून विस्तवाच्या वरची हवा वाढवा, कारण लाकडाचा मोठा भाग वरच जळतो.

मग डॅम्पर एकेक खाच आवळत जा, प्रत्येक खाचेवर एक अख्खी भरण मोजा. स्मोक-बॉक्सपाशी ऑक्सिजन ८ पर्यंत सहसा सुखाने येतो. ज्या खाचेवर कार्बन मोनॉक्साइडची सरासरी एकदम उसळते, तिथून एक खाच मागे या आणि डॅम्परवर रंगाने खूण करा.

कांजीघर
समजलं. रविवारी बंद आहे, तेव्हा नळ्या आणि झडप दोन्ही करतो. अ‍ॅनालायझर भाड्याचा आहे, लाकडाच्या धुराने खराब होणार नाही ना?

निखारा
होऊ शकतो. डांबर आणि काजळी फिल्टरमध्ये बसतात, पंपाचा प्रवाह घटतो आणि रीडिंग मागे पडत जातं. प्रोबच्या मागे काचलोकरीचा जादा फिल्टर लावा. मुख्य फिल्टर तपकिरी दिसला की बदला, काळा होईपर्यंत थांबू नका. पाण्याचा सापळा दर भरणीनंतर रिकामा करा आणि उभाच धरा.

कार्बन मोनॉक्साइडच्या सेलची (तो वायू मोजणाऱ्या सेन्सरची) कमाल मर्यादा किती ते भाड्याने घेतानाच विचारा. ४,००० पीपीएमचा सेल असेल तर भडकलेल्या मिनिटांत आकडा वरच्या टोकाला चिकटून राहतो आणि सरासरी खोटी कमी येते. हायड्रोजनमुळे रीडिंगमध्ये येणाऱ्या चुकीची दुरुस्ती असलेला सेल आणि हवा मिसळून मोजण्याची सोय हवी. दोन भरण्यांच्या मध्ये प्रोब बाहेर काढून स्वच्छ हवेत पंप चालू ठेवा, ऑक्सिजन २०.९ आणि कार्बन मोनॉक्साइड शून्याजवळ येईपर्यंत. सेल शून्यावर परतायला दरवेळी जास्त वेळ घेत असेल तर त्या दिवसापुरतं मोजणं थांबवा. बॉयलर-घराची दारं-खिडक्या उघड्या असू द्या. ६,००० पीपीएमचा धूर आणि मीटरमधून बाहेर सोडलेला वायू बंद खोलीत जिवावर बेततो.